दोऱ्याची लांबी

"खांद्याला खाच पडली की ती पाठीत उतरती, शिवा. वेळेवर काहीतरी कर. माझ्यावानी बसून राहू नको," असं दोड्डव्वा म्हणाली होती, आणि शिवकांता हसली होती. तेव्हा ती नांदेडला बी.एस्सी. करत होती, सुट्टीला देगलूरला आली होती. तिकडच्या घरात आईच्या थोरल्या बहिणीला मावशी कुणी म्हणत नाही, दोड्डव्वाच म्हणतात. दोड्डव्वा न्हाणीत तिची पाठ चोळून देत होती, आणि चोळता चोळता तिचा अंगठा ब्रेसियरच्या पट्टीने पाडलेल्या वळापाशी थांबला होता. "काय करू म्हणतेस? कापून टाकू?" शिवकांता म्हणाली आणि साबणाच्या फेसातून खिदळली. दोड्डव्वा हसली नाही. "कापत्यात म्हणं कुठं कुठं," एवढंच म्हणाली, आणि तांब्यातलं पाणी तिच्या डोक्यावर असं ओतलं की पुढचं बोलणं पाण्यातच गेलं. शिवकांताला त्या बोलण्यापेक्षा दोड्डव्वाचं वाकून उभं राहणं जास्त आठवत राहिलं. कमरेतून नव्हे, मानेखालून वाकलेली, जणू समोर जमिनीवर काहीतरी पडलंय आणि ते ती कायम शोधते आहे. अशी ती जन्मल्यापासूनच असेल, असं शिवकांताला वाटायचं. लातूर जिल्हा झाला त्या वर्षी लग्न होऊन देगलूरला आलेली ही बाई तेव्हा ताठ होती, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

हे सगळं आठवलं ते लातुरात, सासरी, रेल्वेने पाणी येऊ लागलं त्या उन्हाळ्यात. टाकीजवळ पोलीस उभे, गल्लीत घागरींची रांग माणसांच्या रांगेहून लांब, आणि आडतीवर बसून तिचा नवरा गुरुलिंग येणाऱ्या-जाणाऱ्याशी उदगीर जिल्हा होणार की नाही यावर वाद घालतो आहे, असले दिवस. शिवकांता दोन्ही हातांत दोन कळशा घेऊन स्वयंपाकघरात शिरली, तर तिची लेक उमा तिचीच जुनी ओढणी अंगावर घेऊन चालत होती. ओढणी दोन्ही मुठींत गळ्याशी धरलेली. खांदे पुढे, हनुवटी खाली. ओट्यापाशी जाऊन तिने एक हात मानेमागे नेला, मान दाबली आणि म्हणाली, "आई गं, आई गं." मग वळून बघितलं. "मी आई झाले." सासूबाई, सिद्धम्मा, निवडायला घेतलेली तूर सुपात टाकून हसायला लागल्या. "हुबेहूब! अगं बाई, हुबेहूब तू!" शिवकांताही हसली. कळशा खाली ठेवायचं मात्र तिला सुचेना. पोरीचा ताप, पोरीचे दात, पोरीचं माती खाणं, दाराच्या फटीत तिची बोटं, गच्चीचा कठडा, सगळ्यावर तिची नजर असायची, झोपेतसुद्धा असायची. पण पोरगीही आपल्यावर इतकी वर्षं नजर ठेवून आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि सगळ्यात भीती कशाची वाटली, तर ओढणी टाकून उमा खेळायला पळाली, तेव्हा तिचे खांदे लगेच मागे गेले नाहीत. दारापर्यंत तसेच राहिले. दाराबाहेर सुटले.

शिवकांता आठवीत होती तेव्हापासून छातीचं हे ओझं तिच्याबरोबर होतं. ओझं म्हणायचं नाही, असा घरातला रिवाज. "अंगानं भरलेली हाय," असं म्हणायचं, आणि तेही बाईनेच बाईला. कवायतीच्या तासाला ती रांगेत मागे उभी राहायची आणि उडी मारायच्या आकड्याला नुसत्या टाचा उचलायची. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पांढरा कोट मिळाला तेव्हा तिला कोण आनंद झाला होता. सगळ्यांच्या अंगावर एकच पोतं, आता कोण कुणाला बघतं! उमा झाली तेव्हा दूध इतकं आलं की शेजारणी नवल करायच्या, आणि तिला वाटायचं, चला, याच्यासाठी होतं हे सगळं. पोरीने दूध सोडलं, दूध आटलं, ओझं मात्र उतरलं नाही, उलट जास्तच लोंबायला लागलं. मानेत कळ, बोटांना मुंग्या, आणि उन्हाळ्यात छातीखालच्या घडीत कातडी सोलवटून निघायची. दुष्काळात ते फार झालं. आंघोळीला दोन तांबे पाणी. त्यातला एक तिने नेहमी त्या घडीसाठी राखून ठेवायचा, मग सुती फडक्याची पट्टी आत खोचायची, वरून टाल्कम पावडर, आणि तशीच टँकरच्या रांगेत. घामाने पट्टी भिजली की मीठ चोळल्यासारखं झोंबायचं. शेजारची बाई म्हणायची, "किती चिडचिड करायलीस गं रांगेत!" काय सांगणार?

आणि लिंग. तिच्या गळ्यात, तिच्या घरातल्या सगळ्यांच्या गळ्यात असतं तसं, चांदीच्या चौक्यात ठेवलेलं इष्टलिंग दोऱ्याला बांधलेलं होतं. ते काळजापाशी असावं, अंगावेगळं होऊ नये, बेंबीखाली जाऊ नये, असं लहानपणी आजोळी तिला शिकवलेलं. बेंबीखाली न जाणं एवढं जमत होतं. काळजाचं मात्र आजोळच्या बायकांना कधी जमलंच नाही. दोरा आखूड ठेवला की चौका छातीच्या चढावर बसायचा आणि पदरातून उठून दिसायचा. जरा सोडला की पुढे लोंबायचा आणि वाकलं की घागरीच्या काठावर टण्‌कन वाजायचा. म्हणून दोड्डव्वाने दोरा वाढवत नेला होता, आणि चौका पोटापाशी निऱ्यांच्या वर खोचून ठेवायची. शिवकांताचा दोराही दोड्डव्वानेच वळून दिलेला, स्वतःच्या दोऱ्याशी मापून. लिंगपूजेला सकाळी चौका उघडून लिंग डाव्या तळहातावर घेतलं की शिवकांताला नेहमी वाटायचं, हे माझ्या काळजापासून आलेलं नाही, पोटाकडून आलंय. असं वाटणं पाप असेल, म्हणून ती विभूती जरा जास्त लावायची.

नांदेडच्या डॉक्टर यन्नावारांचा पत्ता तिला कॉलेजच्या वर्गातल्या एका मैत्रिणीने दिला. प्लास्टिक सर्जन, बाईमाणूस. गुरुलिंगाला तिने सांगितलं तेव्हा त्याने पंख्याकडे बघितलं. मग म्हणाला, "दुखतंय ना तुला? मग मला काय विचारायलीस?" हे त्याने चांगल्या मनाने म्हटलं की सुटका करून घेण्यासाठी, हे तिला अजून कळलेलं नाही. बरोबर मात्र सिद्धम्मा आल्या. "डॉक्टर लोक कायबी कापत्यात. म्या असल्यावर इचारून कापतील," असं म्हणून त्यांनी पिशवीत धपाटे बांधले. अहमदपूर, लोहा मागे टाकत एस.टी. नांदेडला पोचली. उतरल्या उतरल्या रिक्षावाल्याने "गुरुद्वारा?" विचारलं, तर सिद्धम्मा म्हणाल्या, "दवाखाना. गुरुद्वारा येताना."

तपासणीच्या खोलीत सिद्धम्मा नव्हत्या. पडद्यामागे भिंतीला मोठा आरसा होता. शिवकांताने घरून एक वाक्य पाठ करून आणलं होतं. डॉक्टरांनी मान, पाठ, खांदे, घडीतली सोलवटलेली कातडी, सगळं बघितलं, गाठ आहे का ते चाचपलं आणि विचारलं, "तुमच्या मनात काय आहे? झाल्यावर कसं असावं?"

"सपाट," ती म्हणाली. मग पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "माझं लिंग इथं टेकलं पाहिजे." आणि छातीच्या मधल्या हाडावर बोट ठेवलं.

डॉक्टर हसल्या नाहीत. चौक्याकडे, त्याच्या लांब दोऱ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "सपाट होणार नाही, ताई. आणि मी करणारही नाही. बोंडाला रक्त कुठून येतं, ते जपत जपत कापावं लागतं. हाव धरली की तेच हातचं जातं. आणि तुमचा सांगाडा रुंद आहे. त्याला शोभेल, पेलेल, इतकंच ठेवायचं."

"मग नंबर कितीचा होईल?"

"नंबरचं वचन मी कुणालाच देत नाही. या दुकानातला छत्तीस त्या दुकानात चौतीस निघतो. वचन देते ते भाराचं. भार उतरेल, घडी कोरडी राहील, मान सुटेल. खाच थोडी भरेल, पुरती नाही. दोन्ही बाजू बहिणी-बहिणी होतील, जुळ्या नाही. आत्ता तरी कुठं जुळ्या आहेत? व्रण राहतील. बोंडाभोवती एक, तिथून खाली एक, घडीत आडवा एक. फिके पडतात, जात नाहीत. तिथली जाणीव कमी होऊ शकते. आणि पुढं लेकरू झालं, तर दूध येईलच असं मी म्हणणार नाही."

बाजारात एखादी जाणती बाई सांगते ना, हे घे, हे घेऊ नको, तशा आवाजात त्या हे सगळं बोलल्या. शिवकांताला फसवल्यासारखं वाटलं नाही. पण काहीतरी मिळता मिळता लहान झालं, असं वाटलं. ती आरशात बघत उभी राहिली. डॉक्टर म्हणाल्या, "आता असं करा. दोन्ही तळवे खाली घाला आणि भार उचला. वर, आणि जरा बाजूंना. हां. धरून ठेवा."

तिने उचललं. इतक्या वर्षांत, धुताना, पुसताना, पट्टी खोचताना, पोरीच्या तोंडाशी देताना किती वेळा उचललं असेल. पण उचलून, आरशासमोर उभं राहून, फक्त उचललेलं असण्यासाठी म्हणून कधीच नाही. मानेमागे काहीतरी सुटलं. डोक्यावरची घागर दुसऱ्या कुणी उतरवून घेतली की मान क्षणभर आपोआप वर जाते, आपण न नेता, तशी तिची मान वर गेली. खांदे मागे गेले. आरशातली बाई तिच्याहून उंच होती. मग श्वास. तो आत गेला आणि जिथे नेहमी थांबायचा तिथे थांबला नाही, खाली गेला, आणखी खाली गेला, जणू घरात एक खोली होती आणि तिचं दार कुणी कधी उघडलंच नव्हतं. भार वर गेल्याने मधे वाट झाली होती. डॉक्टरांनी लोंबता दोरा मानेमागे चिमटीत ओढून धरला, तसा चौका त्या वाटेने वर सरकत आला आणि हाडावर टेकला. गार चांदी. आणि त्या चांदीच्या आत, किंवा चांदीच्या मागे, ठोका. तिला आधी वाटलं डॉक्टरांचं घड्याळ असेल. मग कळलं. तिचं काळीज त्या डबीत वाजत होतं. लिंग लहानपणापासून अंगावर होतं आणि आज पहिल्यांदा ते तिला भेटत होतं. डोळ्यांतून पाणी आलं, पण ती रडत नव्हती. या पाण्याला काही नाव नव्हतं. हे असं माझ्याच आत होतं? एवढं मोठं, आणि मला ठाऊक नव्हतं? पाण्याची रेल्वे पहिल्यांदा आली तेव्हा ती उमाला कडेवर घेऊन बघायला गेली होती. डब्यामागून डबा येत होता, गर्दीत कुणी नारळ फोडला, एका म्हाताऱ्याने इंजिनाला हात जोडले, आणि तिला त्या माणसांचं हसू आलं होतं. आता तिला ते हात समजले. इतक्या लांबून इतकं ओझं वाहून आणलेलं दिसलं की माणूस दुसरं काय करणार?

"एवढं," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "याच्या जरा अलीकडंच. याच्या पलीकडचं मागू नका. मी देऊ शकणार नाही."

"याच्या पलीकडचं मला नकोच," शिवकांता म्हणाली, आणि तेव्हा तिला कळलं की ती सपाट मागायला आली होती ती रागाने. अंगावरच्या रागाने. माप त्या रागाचं होतं.

मग सिद्धम्मांना आत बोलावलं. डॉक्टरांनी त्यांनाही सगळं सांगितलं, आणि शेवटी सांगितलं की दीड महिना वजन उचलायचं नाही, हात डोक्यावर न्यायचे नाहीत. सिद्धम्मा खुर्चीत पुढे सरकल्या.

"ह्या पाण्याच्या दिसात? मग घागरी कोण आणंल? तुमच्याकडं नळ हाय वाटतं, डॉक्टरबाई."

"पावसाळा संपल्यावर करू की," डॉक्टर म्हणाल्या. "घाई काहीच नाही."

"आन दुसरं लेकरू झालं, दूध न्हाई आलं, तर?"

शिवकांतालाही हाच प्रश्न होता, घरून निघाल्यापासून होता. उमा दूध पिताना हाताने तिचा चौका धरून ठेवायची, तेवढंच आठवत होतं. तिने उठायला म्हणून गाऊन सावरला, तो एका बाजूने घसरला, आणि सिद्धम्मांचं लक्ष खांद्याकडे गेलं. त्या उठून जवळ आल्या. खाचेत त्यांनी बोट ठेवलं. बोट बसलं. चुलीशी राबून राठ झालेलं सासूचं बोट त्या खाचेत मोजून घेतल्यासारखं बसलं, आणि बराच वेळ तसंच राहिलं.

"हे कवाचं?"

"लई दिवसांचं, अत्या."

"अन म्या म्हणायलते, पोरगी कामाला हात आखडती." त्यांनी बोट काढलं नाही. मग डॉक्टरांकडे वळून, भांडल्याच्या आवाजात, "वाट कशाला बघायची पावसाची? आला न्हाई तर? गुरुलिंग आणंल की पाणी. दिवसभर आडतीवर बसून दुसऱ्यानं उचललेली पोती मोजतो. आता उचलू द्या जरा. अन दूध काय, गाईचं बी असतंय." मग पुन्हा आवाज खाली आला. "लिंगाचं मातर सांगा. ते काढून ठेवायचं न्हाई आमच्यात."

डॉक्टर म्हणाल्या, चांदी चालणार नाही, ऑपरेशनच्या खोलीत अंगावर धातू नको. सिद्धम्मांनी क्षणभर विचार केला. "कापडात बांधून मनगटाला?" डॉक्टरांनी आतल्या फोनवर भूलवाल्या डॉक्टरांना विचारलं आणि मान डोलावली. "अन टेकायचं म्हणशील," सिद्धम्मा सुनेकडे बघून म्हणाल्या, "तर दोरा आखूड कर की, येडे! तेवढ्यासाठी कुणी सपाट होतंय व्हय?" डॉक्टर हसल्या, सिद्धम्मा स्वतःच्याच बोलण्यावर हसल्या. शिवकांता मात्र चार बोटं दोऱ्याला लावून बघत राहिली. आजोळी कुणाला सुचलं नव्हतं असं नाही. आखूड दोऱ्याला तिथे बसायला जागाच नव्हती. आता होणार होती. सपाट नाही, नंबर नाही. दोरा चार बोटं आखूड. एवढंच माप. ते तिने मनात धरलं आणि ते तिला पेललं.

घरी आल्यावर दुपारी तिने दोड्डव्वाला फोन लावला. दोड्डव्वाचं देगलूरला आता कुणी नाही. नवरा गेला, पोर झालं नाही, आणि शिवकांताची आई, तिची धाकटी बहीण, तीही गेली. शिवकांताने सगळं सांगितलं.

"यव्वा," दोड्डव्वा म्हणाली. "ते टेकलं? काळजाला?"

"हां. ठोका कळायलता, दोड्डव्वा."

"कसा असतोय गं?"

शिवकांता म्हणाली, "आत कुणीतरी हाय, असं वाटतंय." दोड्डव्वा हसली की काय कोण जाणे, नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाली, "लई चांगलं केलंस." आणि थांबली. आणि मग, चोरीची गोष्ट विचारावी तसं, "शिवा, त्या बाईला एक विचारशील का? माझ्यासारख्या म्हातारीचं बी करत्यात का?" नेमका त्याच वेळी गल्लीत टँकरचा भोंगा वाजला, उमा "आई, पाणी! आई, पाणी!" करत आली, आणि शिवकांता "मागून लावते गं" म्हणून कळशा घेऊन पळाली.

मागून लावला तेव्हा घंटी नुसती वाजत राहिली. दुसऱ्या दिवशीही. त्यानंतरही रोज. दोड्डव्वा फोन शिंक्यात ठेवते, तिला ऐकू कमी येतं, कधी चार्जिंग करायचं विसरते, हे सगळं खरं. सगळं नेहमीचं. पण देगलूरलाही पाणी नाही, आणि ती बाई हातपंपावरून कळशी आणते, पोटाशी धरून, तशी वाकलेली. शिवकांताने डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, वयाचं काही नाही, साखर, रक्तदाब, काळीज तपासू आणि ठरवू, आणा त्यांना. गुरुलिंग जातो म्हणाला. पण हल्ली पहाटे पाण्याला, दिवसभर आडतीवर, संध्याकाळी पुन्हा पाण्याला. उद्या जातो, परवा जातो असं होत राहिलं, आणि भरती व्हायचा दिवस आला.

आता ती नांदेडच्या दवाखान्यात खाटेवर बसली आहे. सकाळ आहे. डॉक्टरांनी उभं करून तिच्या अंगावर जांभळ्या शाईने रेघा आखल्या आहेत, शिंपी कापडावर खडूने आखतो तशा, आणि ती त्यांच्याकडे न लाजता बघते आहे. डाव्या मनगटावर कापडात गुंडाळलेलं लिंग आहे. रिकामा चौका आणि चार बोटं आखूड वळलेला नवा दोरा सिद्धम्मांच्या मुठीत आहे. उमा बापाजवळ आहे. भीती आहे, नाही असं नाही. पण भीतीच्या खाली ते दुसरं आहे, त्या दिवशी आरशासमोर भेटलेलं, आणि ते भीतीहून मोठं आहे. तिला आत नेतील. मग पुढचा दीड महिना तिला कुणाची कळशी उचलता येणार नाही, एस.टी.त धक्के खात कुठे जाता येणार नाही. म्हणून ती हे तुम्हाला सांगते आहे, कारण तुमच्यातलं कुणीतरी त्या बाजूला जात असेल.

देगलूरला गेलात, तर जुन्या मोंढ्यामागच्या गल्लीत कमलम्माचं, म्हणजे दोड्डव्वाचं, घर विचारा. निळं दार आहे, रंग खालून उडालेला. कडी वाजवा आणि थांबा. ती भिंतीला हात लावून उठते, वेळ लागतो, म्हणून दार उघडत नाही असं समजून परत फिरू नका. पाण्याचं विचारू नका; ते सगळेच विचारतात, आणि ती सगळ्यांना हाय म्हणून सांगते. पाठीचं विचारा. आणि सांगा, शिवानं विचारलं होतं. डॉक्टरबाई हो म्हणाल्या.